मालागाच्या पद्धतीची तारली

परवा डहाणूच्या किनाऱ्यावर कुणीतरी मासळी भाजत होतं. त्या वासाने साठ सालाच्या आसपासची एक संध्याकाळ आठवली.

माझा धाकटा भाऊ नाना जहाजावरची पहिली सफर करून परतला होता. बांबूच्या काडीत तारल्या ओवून त्याने ती निखाऱ्याशेजारी वाळूत रोवली होती आणि माझ्या बायकोला तो स्पेनमधलं मालागा शहर सांगत होता.

"वहिनी, तिथे किनाऱ्यावर अशीच भाजतात. वर टेकडीवर अरबांचा जुना किल्ला, आणि चर्चमध्ये भिंतभर चित्रं."

"चित्रं कसली हो, भाऊजी?" हातातला मासा तिने तसाच धरला होता. मी कासा गावच्या बाजारातून आलो की ती एवढंच विचारायची, "जेवायला वाढू?"

"मीठ सोडून काही नाही यात," मी भडकलो.

"मग तुम्हीच जायचं होतंत," ती म्हणाली.

ती जागा आधी मलाच मिळत होती. पगारावरून मी भरती करणाऱ्याशी दोन दिवस घासाघीस केली. नानाने पहिल्याच शब्दाला होकार दिला.

आज ती आणि नाना, दोघंही नाहीत. तरी नाना मध्ये पडला नसता, तर तिसऱ्या दिवशी तो माणूस नमणारच होता, हे मी अजूनही शपथेवर सांगेन.