सुकलूचा टेप

देवाजी भंगारवाला ब्रह्मपुरीकडचा, पण त्याचा अर्धा जन्म सूरजागडच्या पायथ्याच्या जंगलगावांत गेला. मोटारसायकलीला दोन्हीकडून पोती बांधायची, बिघडलेले मोबाइल, टीव्ही, डिशचे डबे गोळा करायचे, बदल्यात लसूण नाहीतर बादली द्यायची. वस्तू हातात घेतली का त्याला वस्तू दिसतच नसे. आतलं तांबं आणि स्पीकरचं चुंबक तेवढं दिसे.

एका गावात सुकलू नावाचा माडिया बुढा होता. त्याच्या जुन्या टेपवर देवाजीचा कितीक वर्षं डोळा.

"सुकलूभाऊ, आता तरी देऊन टाक. बोलत तं नाई थो."

"माह्यासंग बोलते," सुकलू म्हणे. "तुह्यासंग काऊन बोलन? तू त्याचं पोट फाडतं." आणि हसून वर म्हणे, "मी मेलो का घेऊन जाय."

यंदा सुकलू मेला. गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा झाला. तिथली रीतच तशी, मेलेल्याची बाज, गाडगं, काठी त्याच्यापाशीच ठेवायची. देवाजीला हे चांगलं ठाऊक होतं. त्या दगडांपाशी पितळेची भांडी पडलेली असत, पण त्याने कधी हात लावला नव्हता. या खेपेला मात्र दगडाशी टेप दिसला आणि सुकलूचं बोलणं आठवलं. मालकानंच देऊन ठेवलाय, मग चोरी कशाची? त्याने टेप पोत्यात घातला. घरी हातोडीनं फोडला, तांब्याची तार सोलली, चुंबक उपसलं आणि बाकीच्या मालासंगं विकून टाकलं.

पुढच्या खेपेला सुकलूची बायको सोनीबाई आंगणात मोहाच्या टोऱ्या फोडून आतल्या बिया काढत बसली होती.

"देवाजीभाऊ, बुढ्याचा टेप कोनी तुले विकला काय?"

खोटं बोलता आलं असतं.

"मीच नेला, बाई. त्यानंच म्हटलं होतं, मेल्यावर ने म्हून."

सोनीबाईचा हात थांबला नाही. "हव, म्हने थो. हासत म्हने नं?"

"हव."

"मंग?"

देवाजी त्या दिवशी पोती न भरताच परतला. आठ-पंधरा दिवसांनी तो दुसरा टेप घेऊन आला, वाजणारा.

"हा कोनाचा?" तिनं विचारलं.

"एका मास्तरचा होता."

"मंग बुढ्याले कायले देतं? दुसऱ्याचं घेऊन थो तिथी काय करन? त्याचाच आन."

"त्याचं खोकंच उरलं, बाई. बाकी गेलं."

"खोकं तं खोकं. पन तूच ठेव. तुह्याच हातानं गेलं."

देवाजीनं घरच्या ढिगातून ते तडकलेलं खोकं शोधून आणलं आणि दगडापाशी ठेवलं. "सुकलूभाऊ," म्हणाला, आणि पुढे जीभच उचलेना. इतकी वर्षं त्या माणसासंगं त्याचं एवढंच बोलणं, दे आणि देत नाई.

वारा सुटला तसं खोकं लवंडलं आणि घरंगळत पळसाच्या बुडाशी गेलं. आत काही नव्हतंच. देवाजीनं ते उचलून आणलं, वावरातला एक दगड आत घातला, तेव्हा कुठं ते जागेवर राहिलं.