आडव्या बाजाचा शमुवेल

कुणी अपमान केला की शमुवेल आधी खांद्यावरच्या पंच्यानं गिटार पुसायचा. मग समोरच्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "व्हईल, बराबर व्हईल." काय बराबर होणार, कधी होणार, कोण करणार, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. मी त्याच्यासोबत तबला वाजवायचो. या एका वाक्यापायी त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला कित्येकदा वाटलं. आज तो नाही, म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यात तेव्हा छावणी होती. छावणीच्या बँडमधला एक गोवेकर बदलून जाताना आपली गिटार मिशनच्या माळ्याच्या पोराला देऊन गेला, तो हा शमुवेल. हा ती मांडीवर आडवी निजवायचा आणि तारांवरून पोलादाची कांडी सरकवायचा. सूर एकावरून दुसऱ्यावर रडल्यासारखा घरंगळत जायचा. गिटार हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडात बसला नाही. ते म्हणायचे आडवा बाजा.

आमची जोडी जमली ती तंबूतल्या सिनेमात. मुकी चित्रं असायची. पडद्यावर घोडे पळाले की माझा तबला, बाई रडली की त्याचा बाजा. पुढे चित्रं बोलायला लागली आणि तंबूवाल्यानं आम्हाला नारळ दिला. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शमुवेल म्हणाला, "दादा, आजवर पडद्याच्या पायाशी बसून मान धरून आली. आता मागं बसून बराबर पाहू." पोटाला काय घालायचं ते बोलला असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही लग्नांकडे वळलो. तिथं एक रीत होती. मी गुरव, म्हणून माझा तबला मांडवात. तो ख्रिस्ती, आणि त्याचा आजा गावकुसाबाहेरचा हे सगळ्या जालन्याला पाठ, म्हणून त्याचा बाजा बाहेर. कुंभार पिंपळगावच्या पाटलाकडे गोठ्यापाशी, नव्या जालन्यातल्या मारवाडी शेटकडे चपलाजोड्यांच्या ढिगापाशी. मध्ये भिंत. माझा ठेका त्यानं भिंतीपलीकडून ऐकायचा आणि त्यावर वाजवायचं. कधी चुकला नाही, हे मात्र कबूल. मी चिडलो की म्हणायचा, "भाईर हवा तरी हाय, दादा. तुम्ही आत घामानं भिजून राह्यलेत."

याच शेटच्या घरी, थोरल्या मुलीच्या लग्नात, फेरे चालू असताना त्यानं एक लांब सूर ओढला. शेटची आत्या, भुवाजी, घरात तिचाच हुकूम चाले. ती ताडकन उभी राहिली. "ये बाजा तो रो रहा है. शुभ काम में रोना? बंद करो." शेटच्या मुनीमजींनी आम्हा दोघांनाही जेवणाआधीच वाटेला लावलं. ही बातमी पेठेत अशी फिरली की सबंध हंगाम आम्हाला कुणी विचारलं नाही. मी घरी भांडी विकायला काढली. शमुवेल मिशनच्या बागेत आळी खणायचा आणि संध्याकाळी माझ्या ओट्याखाली बसून वाजवायचा. "हात आखडला तर काय करू मंग? बोलावणं आल्यावर शिकायचं का?" त्याला वाटायचं, बोलावणं येणारच.

आणि आलं! भुवाजीकडूनच आलं. झालं असं, की ती थोरली मुलगी सासरी जाताना रडलीच नव्हती. गाडीत हसत बसली. सासरच्यांनी वर्षभर टोमणे मारले, माहेरची माया नाही पोरीला. आता मधलीची बिदाई होती आणि तीही कोरड्या डोळ्यांची. तेव्हा भुवाजीला रडणारा बाजा आठवला.

बिदाईला तबल्याचं काम नाही. रडायला ठेका लागत नाही. तरी मी गेलो, काय होतं ते बघायला. मुलगी आतल्या चौकात, शमुवेल बाहेर जोड्यांपाशी, आणि वऱ्हाडाच्या गलबल्यात तिला काही ऐकू जाईना. मुनीमजी बाहेर आले. म्हणाले, "बाजा आत द्या. माणूस दारातच बरा. गुरव, तू वाजव. बाजा तो बाजा."

मी म्हणालो, "मुनीमजी, उद्या शेटची पगडी गादीवर ठेवा. धंदा करती का बघा."

शमुवेलनं माझा हात दाबला. "न्हेऊ द्या, दादा. त्याला बी आतलं घर बघू द्या." आणि खरंच त्यानं ती गिटार मुनीमजींच्या हातात दिली. त्यांनी ती चौकातल्या गादीवर ठेवली. मी काही तिला हात लावला नाही. कुणीतरी कुंकू लावलं. मग सगळे गिटारीकडे बघत उभे राहिले. बाजा गप्प. नवरी गप्प. नवऱ्याकडचे एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. बदनापूरकडच्या गाडीची वेळ होत आली, टांगे दारात खोळंबले. अखेर भुवाजी दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "बुलाओ उसको."

शमुवेल उंबरा ओलांडून आत गेला. गादीवर बसला. त्यानं वाजवलं, आणि नवरी भुवाजीच्या गळ्यात पडून अशी रडली की भुवाजीला आवरेना. मुनीमजी रडले. मीसुद्धा रडलो. टांगे हलले, आणि शमुवेल उठून दाराशी येतो न येतो तोच एका बाईनं त्या जागेवर गोमूत्र शिंपडलं. गादी उचलून उन्हात टाकली. त्यानं ते पाहिलं. पंचा काढला आणि गिटारीवरचं कुंकू पुसू लागला.

रस्ताभर मी त्याला शिव्या देत होतो. त्यांना द्यायच्या होत्या, त्याला दिल्या. "लाज न्हाई का रे तुला? एकदा, फक्त एकदा कुणाला तरी न्हाई म्हण. म्हणावं, जावा, येत न्हाई."

"न्हाई म्हटलं की दार लागलं, दादा. आज आत बसून आलो. पुढच्या खेपेला त्या बाईचा हात जरा थांबंल. धाकटी हाय अजून त्यांची."

"आणि न्हाई थांबला तर?"

"तर त्याच्या पुढच्या खेपेला."

मी त्याच्याशी पंधरवडा बोललो नाही. असल्या माणसाशी बोलायचं काय?

त्या पावसाळ्यात त्याला ताप आला. मिशनच्या दवाखान्यात होता. मी गेलो तेव्हा बोटं चादरीवर सरकत होती. म्हणाला, "दादा, धाकटीच्या लग्नाला काय वाजवायचं ते धरलंय." चार दिवसांत गेला. मातीला मी होतो, त्याची बायको होती आणि मिशनमधली माणसं. पेठेतलं एक माणूस फिरकलं नाही. ज्यांच्या लेकीला त्यानं रडवलं त्यांच्या घरूनही कुणी आलं नाही. माझा त्या गावावरचा राग तिथून जो बसला तो अजून उतरलेला नाही.

लग्नसराईला मुनीमजी माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. चेहरा खुललेला. "गुरव, धाकटीचं ठरलं. त्या शमुवेलला सांगा. भुवाजी बोलली, यंदा सरळ आत यायचं. गादीवर बसायचं, मागून कोणी पाणी टाकणार न्हाई. जेवण पण आतच. तिनं खुद्द सांगितलं."

मी म्हणालो, "मुनीमजी, मेला तो. पावसाळ्यातच मेला."

त्यांनी टोपी काढली. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. मग हळूच म्हणाले, "मंग भुवाजीला काय सांगू?"

"सांगा, तुमचा निरोप पोचवला," मी म्हणालो. "आणि शमुवेल न्हाई म्हणाला."