वेळ आमुशाचा माठ

तर अण्णा, पुन्हा तेच. ग्रुपवर वेळ आमुशाच्या भज्जीचा जुना फोटो टाकतोस आणि खाली लिहितोस, "आमचे साहेब यंदा बी येणार न्हाईत"... मग चिंताकीतलं निम्मं गाव त्याला अंगठे टाकतं. तीन वर्षं हेच चाललंय. फोनवर सांगता आलं नाही ते इथं ग्रुपवरच लिहितो, म्हणजे अंगठेवाल्यांना पण कळेल.

आधी हा साहेब कोण ते सांगतो. मंगळूरच्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात मी कौन्सिलर आहे... सातवी नापास. डिग्रीवाल्या मॅडम वेगळ्या. मी आधी इथं पेशंट होतो, बरा झालो, म्हणून ठेवून घेतलं.

आपल्या बिदर-कलबुर्गीची माणसं इथं बंदरावर, बांधकामावर मजुरीला येतात. काही जण पिऊन पिऊन शेवटी आमच्याकडं दाखल होतात. इथल्या किनाऱ्याची कन्नड त्यांना कळत नाही आणि त्यांचं बोलणं मॅडमना... मग मला बोलावतात.

माझी एकच पद्धत, ती पुस्तकात नाही. सकाळी स्टीलचा गिलास चहानं काठोकाठ भरायचा, खाली बशी धरायची, कँटीनपासून खाटेपर्यंत मी चालत न्यायचा आणि पेशंटच्या हातात द्यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हातातनं निम्मा चहा बशीत सांडतो. ज्या दिवशी बशी कोरडी राहिली, त्या दिवसापासून बोलायला सुरुवात.

गेल्या आठवड्यात मल्लप्पा आले, अफजलपूर तालुक्यातल्या करजगीचे. पन्नाशीचा माणूस, बंदरावर मासळीच्या पेट्या उचलतो. पाच दिवस बशी भरत होती. परवा सहाव्या दिवशी कोरडी राहिली... आणि चहा संपवून ते सरळ पिशवी भरायला लागले.

"आमुशा आलीय. मला सोडा."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, दत्ता, यांना थांबव, आत्ता गेले तर गाडीत बसायच्या आधीच पितील. त्यांचं खरं होतं. मागच्या खेपेला मल्लप्पा असेच निघाले होते, आणि आम्ही त्यांना स्टँडवरनं उचलून आणलं होतं.

मी खाटेवर जाऊन बसलो. पण समजावायचं राहिलं बाजूला, आम्ही दोघं वेळ आमुशाचंच बोलत बसलो...

ग्रुपवर बाहेरगावचे कुणी असतील त्यांच्यासाठी सांगतो. वेळ आमुशा म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. आईच्या डोक्यावर पाटी, पाटीत ज्वारीच्या पिठाचे उकडलेले उंडे आणि शेंगा-पालेभाज्यांची गरम भज्जी... आणि माठात ज्वारीची आंबिल. मंगळूरला सगळं मिळतं, तो आंबूस वास तेवढा मिळत नाही.

"आमच्याकडं भज्जीत चिंच चांगली टाकत्यात," मल्लप्पा म्हणाले. "तुमच्या औरादकडं नुसतं बेसन."

"खाल्लीय का कवा?"

"खायला कशाला पायजे. तुझ्याकडं बघून कळायलंय."

मग हसता हसता एकदम विचारलं, "आन् तू कामून हितं बसलास रे? तुला कुणी डांबलंय?"

रोज दहा जणांना प्रश्न मीच विचारतो. त्या दिवशी माझं मीच सांगून टाकलं...

अण्णा, तू तिथं होतास. आंबिलीचा माठ डोक्यावर घेऊन शेताभोवती फिरायचं, मागनं दुसऱ्यानं आंबिल शिंपडत यायचं. त्या वर्षी आपल्या वडलांनी, अप्पांनी, माठ माझ्या डोक्यावर दिला, आणि मी सकाळपासून पिलेला. पहिल्याच बांधावर पडलो. माठ फुटला, सगळी आंबिल हरभऱ्यात गेली.

अप्पांनी तांब्यात विहिरीचं पाणी घेतलं आणि एकटेच शेताला फेरी घालून आले... मी कोपीमागं बसून त्यांची पाठ बघत होतो.

कामामुळं येत नाही, असं काही नाही. अप्पा परत माठ माझ्या डोक्यावर देतील याची भीती वाटते... आणि देणारच नाहीत याची त्याहून जास्त.

मल्लप्पांनी पिशवी खाली ठेवली. "सा दिवस झालं बघायलोय तुला. भरल्याला गिलास तिकडनं हितवर आणतूस. फरशी वली ऱ्हाती, लोकं धक्के देत्यात. बशीत एक थेंब न्हाई. आमचे हात बघतूस, सोताचा कवा बघितलास का न्हाई?"

खरंच नव्हता बघितला. तीन वर्षं रोज तोच गिलास, तोच हात...

"तू जा," ते म्हणाले. "दोघांतला एक तरी जाऊ दे. मी ऱ्हातो हितं. येताना भज्जी आण, बेसनाची का असंना."

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, मी तुला त्यांना थांबवायला पाठवलं होतं, आणि तू रजेचा अर्ज घेऊन आलास... पण सही केली.

आज आठवा दिवस. मल्लप्पा खाटेवर आहेत, पिशवी रिकामी करून घडी घालून उशाला ठेवलीय. उद्याचं माहीत नाही. आमच्याकडं उद्याचं कुणी बोलत नाही, आजचा दिवस गेला एवढंच मोजतात. मी मात्र त्यांचा उपकार विसरणार नाही.

तर अण्णा, सोमवारी येतोय. ते साहेब-बिहेब काढून टाक. अप्पा ग्रुपवर नाहीत, त्यांना एवढ्यात काही सांगू नकोस, फक्त कुंभाराकडनं माठ आणून ठेव... मोठा बघ, चांगला वाजवून घे, चुन्याचे पट्टे आपण घरी मारू. कुणाच्या डोक्यावर द्यायचा ते अप्पा ठरवतील. माठाचे तीनशे पन्नास रुपये पाठवायलोय.