पाकळी डावीकडे वळली

काशिरामकाकांनी कोणावर पटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. लाकडावर ठेवतात, पण तोही नखाने टोकरून, नाकाला लावून पाहिल्यावरच. करंजा बंदरात चाळीस वर्षं त्यांनी होड्या बांधल्या. गुडघे गेले तशी खांदा कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि मोडीत निघालेल्या होड्यांच्या सागवानातून दागिने कोरू लागले. शेजारच्या गल्लीत माझं साड्यांचं दुकान आहे. काउंटरच्या एका टोकाला मी त्यांची कर्णफुलं, हार, बांगड्या मांडते आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधते: 'काशिराम कोळी यांच्या हातचं.'

पहिल्या हाराला त्यांनी होडीला लावतात तसं मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळलं होतं. "लाकूड सात पावसाळे हलनार नाय," म्हणाले. लाकूड खरंच हललं नाही, पण ज्या बाईंनी तो घातला त्यांच्यामागे लग्नाच्या हॉलमध्ये दोन मांजरं फिरत होती. तेव्हापासून जवसाचं तेल. वास मात्र त्यांना आजही पसंत नाही.

एकदा मी सहज त्यांची पटाशी उचलली, तर केवढ्याने ओरडले!

"ठेव खाली! होरीच्या हत्याराला बाईचा हात लागत नाय. आमच्यात नाय चालत."

मी ठेवली, पण मला राग आला होता आणि तो मी विसरले नाही. मैनाकाकी, त्यांची बायको, तेव्हा गॅसपाशी होती.

संशयाचं बी माझ्या डोक्यात पेरलं ते सुरैय्याने. पनवेल गावातली माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या मुलीच्या, जास्मीनच्या, मेहंदीसाठी तिने लाकडी हार आणि कर्णफुलांचा जोड सांगितला होता. काउंटरवरची नवी कर्णफुलं नमुना म्हणून हातात घेऊन ती म्हणाली, "कीर्ती, बुरा मानू नकोस, पण हे हाताचंच आहे ना? माझ्या लेकाने, फहादने, मोबाईलवर हुबेहूब असेच दाखवले. मशीनवर ढिगाने निघतात. मी सगळ्या खानदानाला सांगून बसलेय, बुजुर्ग कारागिराच्या हातचं आहे म्हणून. माझी इज्जत तुझ्या शब्दावर आहे."

"हाताचंच आहे," मी ठणकावून सांगितलं. ती गेली आणि मी दोन वर्षांपूर्वीचं एक कर्णफूल काढून नव्याशेजारी ठेवलं.

काकांच्या फुलाच्या पाकळ्या उजवीकडे वळतात. नव्या फुलाच्या डावीकडे वळल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. आरशात धरल्यासारख्या. मशीनवर चित्र उलटं बसलं तर असंच होणार, नाही का?

एकदा पाणी मुरतंय म्हटलं की भिंतभर ओल दिसायला लागते. मला आठवलं, हल्ली काका मला दारातच उभं करतात. बेल वाजवली की आतली टकटक थांबते आणि मगच कडी निघते. त्यांचा पुतण्या परेश द्रोणागिरीच्या गोदामात कामाला आहे, तो दर पंधरवड्याला एक खोका आणून देतो आणि खोका लगेच पलंगाखाली जातो. गोदामातून काय येणार? तयार माल! ज्या माणसाने माझ्या हाताचा विटाळ मानला, तो मला मशीनचा माल हाताचा म्हणून खपवतोय, या विचाराने माझं डोकं तापलं. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. सापडला एकदाचा, असा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून निघाले. जोड खोटा निघाला तर सुरैय्याला तोंड दाखवता येणार नव्हतं, आणि काकांचा माल कायमचा बंद करायचा हे मी ठरवूनच टाकलं होतं. बेल वाजवलीच नाही. इमारतीला वळसा घातला आणि मागच्या गॅलरीच्या जाळीशी जाऊन उभी राहिले. आतून टकटक ऐकू येत होती.

मैनाकाकी जमिनीवर बसली होती. जास्मीनच्या हारातलं पदक तिने पायाच्या दोन बोटांत घट्ट धरलं होतं. उजव्या हातात पटाशी, डाव्यात ठोकणी. ती डावखुरी होती, म्हणूनच पाकळ्या डावीकडे वळल्या होत्या. शेजारी काका पाकट माशाच्या वाळक्या, खरखरीत कातडीने एक मणी घासत होते, न बघता, नुसते बोटांनी चाचपत. परेशचा खोका उघडाच होता. त्यात होडीच्या फळ्यांचे तुकडे होते.

"कोन हाय?" काकांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या भिंतीकडे. मैनाकाकीने हातातलं खाली ठेवताच त्यांच्या हाताने मात्र झटकन पटाशीवर फडकं ओढलं.

"मी कीर्ती."

काकांनी मणी खाली ठेवला. मग म्हणाले, "काचबिंदू हाय. दीड वरीस झाला. आता ओरड, काय ओरडायचा तो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"कसा सांगू? तुला हत्यारावरून बोललो व्हतो ना मी."

मैनाकाकीने फडकं बाजूला केलं आणि पटाशी परत हातात घेतली. "चाळीस वरसं ह्या हत्यारांना धार मीच लावतंय," ती म्हणाली. "रोज सकाली ह्यो झोपलेला असताना. तवा नाय बाटली ती?"

"मना म्हाईत व्हता," काका पुटपुटले.

मला माझीच लाज वाटली. सुरैय्याला मी तिथूनच फोन लावला. हार हाताचाच आहे, पण कारागीर बुजुर्ग बाई आहे, चालेल का? ती म्हणाली, "अगं, मग तर मेहंदीला तिलाच बोलाव."

चार दिवसांनी हार तयार झाला. मी चिठ्ठी लिहायला बसले: पाणी आणि अत्तर लावू नये, उतरवल्यावर कोरड्या फडक्याने पुसावा, सुती कापडात ठेवावा, महिन्याने जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. खाली नावं लिहिली.

"वाच," काका म्हणाले. मी वाचलं.

"परत वाच. तुझा भरवसा नाय."

परत वाचलं. 'मैना कोळी यांच्या हातचं. घासकाम काशिराम.' त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, अंगठ्याने कागद चाचपला.

"खरा सांग," ते म्हणाले, "तिचा नाव बारीक तर नाय ना लिवलास?"