सुरगाठीचा गठ्ठा

यवतमाळच्या बसस्टँडमागे एक काका जुनी पुस्तकं घेतात. दोनदा 'नीट'ची परीक्षा देऊन माझी मुलगी थकली, तेव्हा तिची पुस्तकं मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी सुतळीची सुरगाठ मारून गठ्ठा मागे ठेवला.

"आठ दिवस विकत नाही, ताई. रिपीट करायचं ठरलं की पोरं परत न्याले येतात."

ते ऐकून माझंच मन फिरलं. घरी येऊन रिपीट करण्याची अकरा कारणं मी लिहून काढली आणि सातव्या दिवशी गठ्ठा आणायला गेले.

काका सुतळी सोडत होते.

"आज सातवाच दिवस आहे," मी म्हणाले.

"पोरगी आलती सकाळी. म्हणे, आजच विका, नाही तं आई न्याले येईन." त्यांनी चष्मा पुसला. "तिले विचारलं काय, ताई?"

अकरा कारणांपैकी एकही तिचं नव्हतं.