थेंबांनी भागत नाही म्हणे

माझी भावजय चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला सांगायला नको. गावात ज्याला त्याला मला हेच सांगायचं असतं. गोड बोलते, कामाची आहे, सासऱ्याला किती जपते! जपत असेल बापा. पण पोटात दुखायचं ते दुखतंच, आणि माझ्या पोटात ती घरात आली त्या दिवसापासून दुखतंय.

आम्ही मूळचे चिखल्याच्या खाण कॉलनीतले. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. कॉलनीत ख्रिस्ती घरं मोजकीच, एक छोटं प्रार्थनाघर, आणि पाद्रीसाहेब बाहेरून यायचे. मी तान्ही असताना तिथंच माझा बाप्तिस्मा झाला. पाद्रीसाहेबांनी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून माझ्या टाळूवर थेंब टाकले आणि मी त्यांची दाढी ओढली. हे आईनं सांगितलेलं, आणि दर वेळी सांगताना ती हसायची. आईचा, बाबांचा, भावाचा, सगळ्यांचा बाप्तिस्मा असाच, थेंबांचा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा नोकरीतून सुटले तसे भावाकडं आंधळगावला राहायला आले. भावाचं मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या पंपांना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. मी दोन गल्ल्या सोडून राहते, ब्लाउज शिवते.

भावजय करडीची, धानाच्या शेतकऱ्याची पोर, हिंदू घरातली. तिचे वडील जळलेली मोटर घेऊन दुकानात यायचे, त्यांच्यासोबत ही. पुढचं काय सांगायचं, झालं लग्न. तिच्या माहेरच्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. लग्नानंतर ती आमच्याबरोबर रविवारच्या प्रार्थनेला येऊ लागली.

आंधळगावची प्रार्थना एका घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत होते. पास्टर नागपूरकडचे, वयानं माझ्याहून लहान. त्यांच्या मते लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडणं हा बाप्तिस्मा नव्हेच. माणसानं आधी स्वतः विश्वास ठेवायचा, मग स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरायचं आणि अख्खं बुडायचं. थेंबांनी भागत नाही म्हणे. सुरुवातीला बाबा आणि मी मिळून त्यांच्याशी असे भांडायचो की विचारू नका. रविवारी प्रार्थना संपली, चहा आला, की आमचं सुरू.

"प्रभूच्या बाजूले वधस्तंभावर टांगलेल्या चोराले कोण्या तलावात नेलं होतं जी?" मी विचारायची. "अन् प्रभू त त्याले म्हणाला, आजच तू माझ्यासंगं सुखलोकात राहशील."

बाबा मांडीवर थाप मारायचे. "सांगा आता!"

पास्टर शांत माणूस. म्हणायचे, "तारण कृपेनंच आहे ताई, पाण्यानं नाही. पण चोराकडं वेळ नव्हता. तुमच्याकडं आहे. प्रभूनं सांगितलं आणि आपण ऐकलं नाही, तर विश्वास ठेवला म्हणजे केलं काय?"

"आमच्या मायबापानं ऐकलं ना आमच्यासाठी," बाबा म्हणायचे. घरी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यानं आपलीच तारीफ करत यायचो. त्या चालण्यात बाबा माझे होते, पूर्ण माझे. भाऊ अशा गोष्टीत कधी पडायचा नाही, आणि भावजयीला तेव्हा काही माहीतच नव्हतं.

मग तिला माहीत होऊ लागलं. बाबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आला, ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसेना. दुपारी भांडी आवरली की ती त्यांच्या खाटेजवळ बसून बायबल वाचायची. मी कितीदा म्हटलं होतं, बाबा, मी येते, मी वाचते. "तुहं कपडे शिवायचं काम राहते," म्हणायचे. तिला काय काम नव्हतं? वाचताना ती अडायची, नावांचे उच्चार चुकवायची, आणि बाबा कौतुकानं सुधारायचे. मी एकदा डब्यातून मासे करून नेले, तर पहिला घास खाऊन विचारतात, "सुनेनं केले का वो?" अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

तिनं तलावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी गेले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. परत आली तर तोंडावर असं काही तेज की बघवेना. माझं काय होतं? आईनं सांगितलेली दाढीची गोष्ट, तीही मला आठवत नाही. हिला मात्र सगळं आठवतं. पाणी किती थंड होतं, पायाखाली चिखल कसा होता, वर आल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. जन्मापासून ख्रिस्ती मी, आणि सांगण्यासारखं सगळं तिच्याकडं. जळणार नाही तर काय करणार माणूस?

आणि मग एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "मी बी उतरतो आता तलावात."

भावजयीनं मान खाली घातली. भाऊ भात कालवत राहिला. माझा घास हातातच.

"हिनं सांगतलं ना?" मी म्हटलं.

"कोणी नाही सांगतलं. ऐकून ऐकून कळलं."

"माह्यं त जन्मात नाही ऐकलं तुम्ही! हिचं बरं ऐकू येते!"

"आज्ञा प्रभूची आहे, हिची नाही."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. मी म्हटलं, "मग आई कुठं गेली तेही सांगा. ती थेंबांचीच होती. बुडल्याबिगर भागत नसन, त आई कुठं आहे आता?"

बाबांनी ताटातच हात धुतला आणि उठले. पास्टरांना मी नंतर हेच विचारलं. ते म्हणाले, "ज्यांना कळलंच नव्हतं त्यांचं प्रभू पाहील ताई. ज्यांना कळलं, त्यांनी ऐकायचं." प्रभू पाहील, म्हणजे यांनाही माहीत नाही. मी ठरवून टाकलं, मी उतरणार नाही. मी बुडले म्हणजे आईचं खोटं ठरलं. ज्या घरात सगळे आईला मागं सोडून निघालेत, तिथं एक तरी जण तिच्याजवळ थांबायला हवा. बाबांनी थांबावं असं मला वाटत होतं, आणि ते सुनेच्या नादी लागून चालले होते.

धान कापून झालं होतं, तलावाला पाणी बऱ्यापैकी होतं. पाळीवर, तलावाच्या बांधावर, प्रार्थनेची पंधरा-वीस माणसं उभी होती. भाऊ नेहमीसारखा यात पडला नाही, दुकानातच राहिला; भावजय टॉवेल घेऊन माझ्या मागंच. बाबा पास्टरांचा हात धरून उतरले, पण गुडघे कामातून गेलेले, आत चिखल. कमरेइतक्या पाण्यात ते डुलू लागले. दुसरा हात त्यांनी आमच्याकडं केला आणि ओरडले, "ये वो माय, धर मले!"

आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. बाबा मला लहानपणापासून माय म्हणत आलेत. मी चप्पल, साडी, काही पाहिलं नाही, सरळ पाण्यात शिरले. जवळ पोचले तर बाबांचा हात मला ओलांडून मागं गेला. मागं वळून पाहते तर भावजय पाण्यात.

"तू काहून आली वो?" बाबा मला म्हणाले. "साडी भिजली ना तुही."

लोक सुनेलाही माय म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाबा हिलाही माय म्हणतात, हे माहीत नव्हतं. कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यात पाळीवरच्या लोकांना वाटलं मीही बाप्तिस्म्यालाच उतरले. बायांनी टाळ्या वाजवून गाणं सुरू केलं. पास्टरांचा चेहरा फुलला. "ताई, प्रभूनं आणलं तुम्हाला!"

"मले माह्या पायानं आणलं," मी म्हटलं. "बाबाचा हात धराले आली मी, दुसरं काही नाही."

भावजय लगेच मागं सरकली. "ताई, तुम्हीच धरा," म्हणाली. अगदी मनापासून. चांगल्या माणसाचा राग करत राहणं फार कष्टाचं काम आहे, पण मी ते सोडलं नाही. तिच्याकडं न बघता मी बाबांचा दंड धरला.

पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं पास्टरांनी बाबांना मागं झुकवलं. बाबांनी नाक दाबलं. पाणी त्यांच्या तोंडावरून फिरलं आणि आम्ही त्यांना वर ओढलं. खोकले, थुंकले, डोळे पुसले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं काका. प्रभूची स्तुती असो."

"दोघांचंबी झालं ना?"

पास्टरांना कळेना. "कोणा दोघांचं?"

"माहं अन् तिचं." बाबांनी कॉलनीच्या दिशेनं मान केली, जिथं आईची माती आहे. "तिले कोणी सांगतलंच नव्हतं. सांगतलं असतं त माह्याआधी उतरली असती ते. म्हणून तिचं नाव घेऊन बुडलो."

"काका, दुसऱ्यासाठी नाही घेता येत. ज्याचा त्यानंच..."

"तुम्हाले नसन येत," बाबा म्हणाले. "मी घेतला."

गाणं पाळीवर चालूच होतं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेवा. आईचा. मेलेल्या आईचा हेवा वाटला मला. बाबांनी पाण्याखाली माझं नाव घेतलं नव्हतं.

"अन् माहा?" मी विचारलं. आवाज लहान पोरीसारखा निघाला.

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी काही खुळचट विचारलंय. "तू त जित्ती आहेस ना वो. तुहा तुलेच घ्या लागन."

भावजयीनं बाबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्यांना हळूहळू काठाकडं नेलं. पास्टर थांबले होते. काही न बोलता, हात पुढं करून. इतके दिवस मी आईसाठी अडून बसले होते. आता आईचं झालं, बाबांचं झालं, भावजयीचं तर कधीचंच झालं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून कोरडी उरले होते ती मी.