कापलेलं शेवटचं पान

भूत म्हटलं की मी आधी त्याला डायलॉग काय द्यायचा ते बघतो... म्हणजे माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास, ते समजा! मी तेवीस वर्षांचा, राहणार मुलुंड पूर्व, तिसरा मजला. रेडिओसाठी दर आठवड्याला नऊ मिनिटांचं विनोदी प्रहसन लिहितो. टाइपरायटर धडाधड बडवतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मे ८६. मी आमच्या अप्पांवरच प्रहसन लिहिलं — अप्पा बाथरूममध्ये अडकतात आणि सगळी बिल्डिंग सल्ले द्यायला येते. आईला त्यात एकच वाक्य, अगदी शेवटी. मंगळवारी रेकॉर्डिंगला प्रोड्युसरबाई म्हणाल्या, "अर्धं मिनिट जास्त होतंय रे." आणि शेवटचं पान कापलं! प्रसारण रविवारी. घरात कुणाला मी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी अप्पा आंघोळीला गेले आणि दार उघडेना. आतून ओढलं, बाहेरून ढकललं... ढिम्म. अप्पांना दमा, आत नुसती वाफ. शेजारच्या जोशीकाकू धावत आल्या. "अहो, साबण संपला का?"

मी गार! माझं वाक्य!!

मागून सेक्रेटरी तावडे — "बाथरूममध्ये मुक्काम करायचो सोसायटीचो नियम नाय हां!" शब्दन् शब्द माझा. आतून अप्पा, "मी राहतो इथेच, पेपर तेवढा सरकवा."

इथे माझं प्रहसन संपलं होतं. मग काकू वळल्या आणि... "अहो, साबण संपला का?"

पुन्हा तावडे. पुन्हा अप्पा. मी काकूंना हलवलं, ओरडलो — काही नाही. तिसऱ्या फेरीला अप्पांचा आवाज कसा आला, सांगू? "मी... राहतो... इथेच..." मध्ये नुसती घरघर.

तेव्हा डोक्यात आलं... पुढचं वाक्य आईचं आहे, कापलेल्या पानावरचं!

"आई, मी सांगतो ते म्हण!"

"नाटकं कसली करतोस मेल्या! बाप गुदमरतोय आत!"

"म्हण गं, पाया पडतो तुझ्या!"

आई रडत रडत म्हणाली, "अहो... दार आत उघडतं, बाहेर कशाला ढकलताय?"

खट्... दार उघडलं! अप्पा भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळे पडलेले.

डॉक्टरांनी वेळेत इंजेक्शन दिलं. सुतार म्हणाला, कडीला काहीच झालेलं नाही. काकू शपथेवर सांगतात की साबणाचं त्यांनी एकदाच विचारलं. तावडेही तेच सांगतात, एकदाच बोललो. मग मी तीनदा काय ऐकलं??

रविवारी आम्ही तिघं रेडिओपुढे बसलो. "...पेपर तेवढा सरकवा." संगीत. खलास. अप्पांनी माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात आई घाईघाईने रेडिओलाच म्हणाली, "अहो, दार आत उघडतं, बाहेर कशाला ढकलताय?"

कुणी हसलं नाही.

हे काय होतं, अजून कळलेलं नाही. पण वेळ जास्त झाली की मी आता हात जोडतो — बाई, कापायचंच तर पहिलं पान कापा.